सहा नंबरचा नॉझल

त्या सकाळी पाण्याचा आवाज बदलला तेव्हा केबिनमधल्या घड्याळात नऊ वाजून दहा मिनिटं झाली होती.

त्याआधी चार वर्षं तो आवाज एकसारखा होता. फसफसणारा, जरा घोगरा. त्या दिवशी मात्र कुणीतरी नवं कोरं कापड टर्रकन फाडायला घेतलं आणि फाडतच राहिलं, तसा आवाज आला. रॅम्पवर चढवलेल्या आपल्या टेम्पोशेजारी दस्तगीर उभा होता. तो तिथूनच ओरडला, "आयला! आप्पा, आज पाण्याला धार लावून आणलीसा काय?"

आप्पा, माझे वडील, ग्रीसचा डबा घेऊन पंपाच्या खोलीतून बाहेर आले. आवाजाच्या दिशेने बघत राहिले. मी केबिनमध्ये रजिस्टरात टेम्पोचा नंबर लिहीत होते. मी मान वर केली नाही.

जयसिंगपूर-सांगली रस्त्याला लागून आमचं गाड्या धुण्याचं सेंटर होतं. डिसेंबर होता, कारखाने सुरू होते, उसाच्या ट्रॉल्या एकामागून एक चालल्या होत्या. त्या रस्त्यावरून जाणाऱ्या प्रत्येकाला तो आवाज ऐकू गेला असेल. फक्त ज्याच्या हातात पाण्याची गन होती त्याला गेला नाही. माझा भाऊ जिनपाल जन्मापासून बहिरा होता.

आवाज दहा-बारा सेकंदच टिकला आणि थांबला. मागे नुसता पंपाच्या पट्ट्याचा घरघराट राहिला.

मग जिनपाल केबिनच्या दारात आला. तीन दिवस आमचा अबोला होता. त्यामुळे एरवीसारखा त्याने माझ्या खांद्याला हात लावला नाही. डाव्या हाताचं अंगठ्याजवळचं बोट त्याने माझा चेहरा आणि रजिस्टर यांच्या मधे आणून धरलं.

बोटाच्या आतल्या बाजूला, मधल्या पेरावर एक ठिपका होता. टाचणी टोचल्यासारखा. रक्तसुद्धा धड आलं नव्हतं.

"काय झालं?" मी हाताने विचारलं.

त्याने उजव्या हाताने गन धरल्याची खूण केली, आणि मग चिमटीने दंडावर मुंगी चावल्याची. दुखतंय का, म्हणून विचारलं तर मान हलवली. नाही. जरा बधिर झालंय, बस.

आप्पांनी चष्मा कपाळावरून खाली घेतला. "बघू. ह्यॅ, एवढंच होय? हळद लाव त्याला."

दस्तगीर दारातून डोकावला. तो मिरजेचा. आठवड्यातून दोनदा तरी यायचा. जिनपालशी बोलताना तो सगळ्या अंगाने बोलायचा. "जिनूभाऊ, एवढ्याशा ठिपक्यावर सुट्टी न्हाई मिळायची! माझी गाडी अर्धी भिजलीया, अर्धी तशीच हाय. अर्धी घेऊन जाऊ काय घरला?" आणि त्याने अर्धा टेम्पो चालवून दाखवला.

जिनपाल हसला. मी बोटाला हळद लावली, चिंधी बांधली. त्याने उरलेला टेम्पो एका हाताने धुतला. एरवी तासभर लागायचा, त्या दिवशी पंचवीस मिनिटांत झाला. चाकांच्या आतला वाळलेला चिखल ढेकळं होऊन खाली पडत होता. आप्पा म्हणाले, "आता जाऊ दे म्हणावं कोण बायपासच्या सेंटरला जातोय त्यो."

इथे आमच्या बोलण्याविषयी थोडं सांगायला हवं.

जिनपाल मिरजेच्या बहिऱ्या मुलांच्या शाळेत दोन वर्षं गेला, मग आप्पांनी काढून घेतला. त्यामुळे त्याला अक्षरओळख जेमतेम आणि शाळेतल्या खुणाही थोड्याच. त्याची खरी भाषा आमच्या घरात तयार झाली, आणि ती बहुतेक आम्हा दोघांनी केली. आईला त्यातल्या पन्नासेक खुणा यायच्या, आप्पांना वीस. जेवण, गाडी, पाणी, लवकर, पुरे. बाकीचं सगळं, म्हणजे कोण कसा चालतो, कुणाच्या लग्नात काय झालं, पाऊस पडण्याआधी त्याच्या पायांना जमिनीतून काय कळतं, हे तो फक्त माझ्याशी बोलायचा. खुणांनी बोलणाऱ्या दोन माणसांचा अबोला सोपा असतो. एकाने बघायचं नाही, की झालं.

प्रत्येकाला त्याने नाव दिलं होतं. आप्पा म्हणजे मिशी. दस्तगीर म्हणजे अर्धवट पिळलेलं स्टिअरिंग. माझं नाव सुलक्षणा. ते त्याच्याकडे असं होतं: डाव्या हाताचं अंगठ्याजवळचं बोट उभं धरायचं आणि उजव्या मुठीने ते घट्ट पकडायचं. मी जन्मले तेव्हा तो सात वर्षांचा होता. आईने त्याला माझ्याजवळ बसवलं, त्याने ते बोट पुढे केलं आणि मी ते पकडलं. बारा दिवसांनी घरच्यांनी माझं नाव ठेवलं. त्याने पहिल्याच दिवशी ठेवलं होतं.

अबोल्याचं कारण नॉझल होता, गनच्या तोंडाला बसवायचा पितळी तुकडा.

दिवाळीपासून गिऱ्हाइकं कुरकुरत होती. पाण्याला जोर नाही म्हणायची. त्या रविवारी एक जीपवाला अर्ध्यातून गाडी उतरवून बायपासवरच्या नव्या सेंटरला निघून गेला. आप्पा जिनपालवर ओरडले. ओरडण्याचा उपयोग नाही हे माहीत असूनही ते ओरडायचे. तो त्यांच्या तोंडाकडे बघत राहिला.

मी तेव्हा वीस वर्षांची होते, कॉलेजात भौतिकशास्त्र शिकत होते. मी पंपाच्या खोलीत गेले. पंपाच्या पाटीवर लिहिलं होतं, मिनिटाला पंधरा लिटर, एकशेवीस किलो दाब. दाबाच्या घड्याळाचा काटा चाळिसावर होता. पंप तर व्यवस्थित पंधरा लिटर देत होता, मी बादलीने मोजलं. म्हणजे दोष तोंडाशी होता. टाकीतलं वाळूमिश्रित पाणी चार वर्षं त्या पितळी नॉझलमधून जात होतं, त्याने भोक मोठं केलं होतं. तेवढंच पाणी मोठ्या भोकातून जायचं, म्हणून दाब राहत नव्हता.

मी जिनपालला हे सांगितलं. त्याने सगळं बघून घेतलं. मग गन सुरू केली आणि डावं बोट धारेसमोर चार बोटांच्या अंतरावर धरलं. तो रोज सकाळी तसंच करायचा. नॉझलमध्ये कचरा अडकला की बाकीच्यांना आवाजावरून कळतं. त्याला ते बोटाने बघावं लागायचं. धार सारखी लागतेय की तुटक, हे तो एका क्षणात सांगायचा.

"ठीक आहे," तो म्हणाला. "माझ्या हाताला कळतं. आप्पा उगीच ओरडतात."

"रोज थोडं थोडं झिजलं. तुझ्या हाताला कसं कळणार?"

"कळतं. तू कागदावर लिहितेस. मी पाणी धरतो."

आप्पा मागे उभे होते, जीपवाला गेला होता, आणि मी बरोबर होते. मी त्याच्या तळहाताला बोट लावलं आणि मग माझ्या कानाला. तुझा हातपण बहिरा आहे.

ही खूण त्याआधी आमच्या भाषेत नव्हती. पण ती कळायला त्याला वेळ लागला नाही. त्याने गन हुकाला अडकवली आणि दोन्ही हात पँटच्या खिशात घातले. तो गप्प बसायचा तो असा.

मंगळवारी कॉलेज बुडवून मी कोल्हापूरला गेले, उद्यमनगरात. पोवार म्हणून एक म्हातारा दुकानदार होता. पंपाचे सुटे भाग विकायचा. माझ्यामागे कुणी पुरुषमाणूस आहे का, ते त्याने आधी पाहिलं.

"नॉझल पायजे? कुणाला?"

"आम्हालाच. वॉशिंग सेंटर आहे."

"बाईमाणूस नॉझल न्यायला आलेलं पैल्यांदाच बघतोय. जुना आणलायसा?"

"नाही. तो गनवर आहे."

"मग कसं कळणार मला?"

"पंप पंधरा लिटरचा आहे. एकशेवीस किलोचा. घड्याळ चाळीस दाखवतंय."

त्याने चष्मा पुसला. "चाळीस म्हणजे दहा नंबरचं भोक झालं की त्याचं." मग ड्रॉवरमधून ग्रीसने काळा पडलेला एक तक्ता काढला, त्यावर आडवं बोट नेलं, उभं बोट आणलं. दोन्ही जिथे मिळाली तिथे थांबला. "सहा नंबर. बघा, पाच नेलासा तर दाब चढंल, पंप तापंल, सील जातील. सात नेलासा तर धार मरंल. सहाच पायजे. ह्यात दया-माया न्हाई."

"मीपण सहाच काढला होता." मी वहीतला कागद दाखवला.

"मग मला कशाला तरास दिलासा?" तो हसला. नॉझल कागदात गुंडाळता गुंडाळता त्याने विचारलं, "गन कोण चालवतंय?"

"भाऊ."

"त्याला सांगा हां. जुन्यावर हात बसल्याला असतोय. नवीन लावला की पैल्यांदा लांबनं सोडायचं. गेल्या साली एकाच्या बुटातनं पाणी आरपार गेलंय."

"सांगते," मी म्हटलं.

बुधवारी, म्हणजे आवाज बदलला त्या सकाळी, साडेआठला जिनपाल दूध घालायला डेअरीवर गेला होता. मी पान्याने जुना नॉझल काढला, आट्यांना पांढरी टेप गुंडाळली, नवा बसवला. जुना टेबलाच्या खणात टाकला. सांगायचं नाही असं मी ठरवलं नव्हतं. आधी त्याला बघू दे, मग सांगू, असं ठरवलं होतं.

बुधवारी दुपारपर्यंत बोट दुपटीने सुजलं. चिंधी सोडली तर खाली कातडी ताणून चकाकत होती. ठिपका अजून टाचणीएवढाच होता.

गावातल्या डॉक्टरांनी धनुर्वाताचं इंजेक्शन दिलं आणि गोळ्या लिहिल्या. "खडा उडून लागला असेल," ते म्हणाले. जिनपाल उजव्या हाताने सांगत होता. बोटात विस्तव आहे, तो मनगटाकडे सरकतोय, आत काहीतरी भरलं आहे. मी ते सगळं बोलून दाखवलं.

"बाहेरून तर काही दिसत नाही," डॉक्टर म्हणाले. "बोलता येत नाही ना, त्यामुळे अशी माणसं घाबरतात जरा. दोन दिवसांनी या."

मी त्यांना पाण्याचं सांगितलं. दाबाचा आकडा सांगितला नाही. त्यांनी विचारला नाही, हे खरं. पण मला तो पाठ होता.

गुरुवारी सकाळी बोट जांभळं पडलं होतं आणि तळहाताची घडी होत नव्हती. दस्तगीर उसाच्या फडात मजूर सोडून परत चालला होता. त्याने जिनपालचा हात पाहिला आणि टेम्पोचं दार उघडलं. आप्पा आणि मीही बसलो. अंकलीच्या पुलावर तो म्हणाला, "मी त्याला परत कामाला लावलं की गं."

मिरजेच्या इस्पितळात हाताची सर्जन एक बाई होती. पन्नाशीची, आखूड केसांची. तिने ठिपका बघितला आणि पहिला प्रश्न विचारला, "दाब किती होता?"

"एकशेवीस किलो."

"कधी लागलं?"

"काल. नऊ वाजून दहा मिनिटांनी."

तिने भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. दहा वाजून वीस मिनिटं झाली होती. "पंचवीस तास," ती म्हणाली. "हे सहा तासांत यायला हवं होतं. भोक टाचणीचं दिसतं, पण पाणी आत शिरलं की नसेच्या कडेने पार मनगटापर्यंत जातं. पाणी कसलं होतं? नळाचं?"

"टाकीचं. गाड्यांखालून येतं तेच गाळून परत वापरतो."

"म्हणजे डिझेल, ग्रीस, सगळं." तिने आप्पांकडे पाहिलं. "इतक्या जवळून हात धरतात का कुणी? त्याला कुणी काही सांगितलं नव्हतं?"

"त्यो रोजच तसं बघतो, बाई," आप्पा म्हणाले. "चार वर्सं झाली. आजवर कवा काय झालं न्हाई. त्यात सांगायचं काय?"

नॉझल बदलल्याचं मी सांगितलं नाही. आप्पांना नव्या नॉझलचं माहीत नव्हतं. पाण्याला धार आली म्हणजे मी पंपाची काहीतरी दुरुस्ती केली, एवढंच त्यांना वाटलं होतं. ते गेले त्या वर्षापर्यंत त्यांना तेवढंच माहीत होतं.

"बोट मुळापासून काढावं लागेल," सर्जन म्हणाली. "आज. नाहीतर हात जाईल. शेजारचं बोट वाचेल, पण वाकेल की नाही सांगता येत नाही. तो सज्ञान आहे, सही त्याची लागेल. त्याला नीट समजेल असं सांगा. कोण सांगणार?"

आप्पांनी माझ्याकडे पाहिलं. आप्पांना वीस खुणा यायच्या. त्यांत ही नव्हती.

जिनपाल खाटेवर बसला होता. डावा हात उशीवर होता. मी त्याच्यासमोर स्टूल ओढलं, म्हणजे माझे हात त्याला उजेडात दिसतील. मी त्याच्या बोटाकडे खूण केली, मग माझं तेच बोट उभं केलं आणि दुसऱ्या हाताच्या कात्रीने मुळाशी कापून दाखवलं. आमच्या भाषेत कापणं एकच होतं, भाजी, केस, ऊस, सगळ्याला तीच खूण.

त्याने ती पुन्हा करायला सांगितली. मी पुन्हा केली.

त्याने उशीवरच्या हाताकडे पाहिलं. मग त्याने उजवी मूठ वळली. सुजलेल्या बोटाच्या वर, हवेत, कशावर तरी धरल्यासारखी धरली. मूठ रिकामी होती. ती त्याने उघडली, तळहात वर केला आणि भुवया उंचावून माझ्याकडे पाहिलं.

मग तुला हाक कशी मारू?

"काय म्हणतोय?" सर्जनने विचारलं.

"कामावर कधी जाता येईल, विचारतोय," मी म्हटलं.

"तीन महिने तरी नाही."

मी तीन बोटं दाखवली. ती कशाबद्दल आहेत हे त्याला कळलं नाही. पण त्याने मान डोलावली आणि कागदावर सही केली. शाळेत शिकलेली तेवढीच अक्षरं त्याला यायची, त्याच्या नावाची.

शस्त्रक्रिया दीड तास चालली. शेजारचं बोट वाचलं, ते पुढे कधीच वाकलं नाही. तळहातही आखडला. त्या हाताची मूठ होत नाही, त्या हातात काही धरता येत नाही.

बारा दिवसांनी तो घरी आला. दुपारी आप्पा सेंटरवर होते, आई जैन मंदिरात गेली होती. तो ओट्यावर उन्हात बसला होता. मी टेबलाच्या खणातला जुना नॉझल आणला आणि त्याच्यापुढे ठेवला.

बुधवारच्या नऊ वाजून दहा मिनिटांच्या आधीची दोन मिनिटं मी वर सांगितलेली नाहीत. ती अशी.

नऊ वाजून आठ मिनिटांनी केबिनच्या काचेवर दोनदा टकटक झाली. काचेवर मधल्या बोटाच्या हाडाने असं फक्त जिनपाल वाजवायचा. स्वतःला ऐकू न येणारा आवाज दुसऱ्याला किती ऐकू जातो, हे त्याला अचूक कळायचं. त्याची सावली रजिस्टरवर पडली होती. मी मान वर केली नाही. दस्तगीरच्या टेम्पोचा नंबर चार आकडी होता, तो मी सावकाश लिहिला. तीन दिवसांनी पहिल्यांदा तो बोलायला आला होता, आणि मला वाटलं, आधी धार बघू दे. मग येऊ दे परत. सावली थोडा वेळ थांबली आणि गेली.

ओट्यावर मी त्याला सांगितलं, "मी नॉझल बदलला होता. तुला सांगितलं नाही."

"माहीत आहे," तो म्हणाला. एका हाताने बोलायची त्याला अजून सवय झाली नव्हती. प्रत्येक खूण तो अर्धी करायचा आणि थांबायचा. "नवा होता. पिवळा, चकचकीत. मी आलो विचारायला. काचेवर वाजवलं."

"मी ऐकलं."

"तू बघितलं नाहीस."

"मी मुद्दाम बघितलं नाही."

त्याने मान डोलावली. त्याच्या चेहऱ्यावर तक्रार नव्हती. काय आधी झालं आणि काय नंतर, ते तो नीट लावून सांगत होता, एवढंच.

"मला दिसत होतं," तो म्हणाला. "तू खाली बघून लिहीत होतीस. आणि हसत होतीस."

मी जुना नॉझल उचलून हातात घेतला.

"मला वाटलं, हसतेय, म्हणजे काहीतरी चांगलं आणलं असणार. बघू म्हटलं." त्याने डावा हात वर करायला घेतला, बोट धारेसमोर धरून दाखवायला. हात वर आला तेव्हा त्यावर दाखवायला बोट नव्हतं. त्याने तो परत मांडीवर ठेवला.

अंगणात आईने वाळत घातलेल्या लाल मिरच्या होत्या. एक कोंबडी त्यांच्यावरून चालत गेली. दोघांनीही तिला हाकललं नाही.

मग मी माझं डावं बोट उभं केलं आणि त्याच्यापुढे धरलं. मला वाटलं, त्याने ते मुठीत धरावं. माझं नाव तसं पुरं झालं असतं.

त्याने बोटाकडे पाहिलं. मग उजव्या हाताने, दोन बोटांनी, ते हळूच खाली केलं. एखाद्या लहान मुलाने पुढे केलेली वस्तू नको म्हणून खाली करावी तसं. आणि हात खिशात घातला.

जूनमध्ये मी पुण्याला गेले. एका वर्तमानपत्रात नोकरी लागली आणि पुढची सगळी वर्षं तिथेच गेली. अपघाताच्या बातम्या बऱ्याच लिहिल्या. आप्पा गेले, आई गेली. सेंटर आता चुलतभाऊ चालवतो. जिनपाल तिथेच असतो, फाटकाशी उभा राहून गाड्यांना रॅम्पवर घेतो. त्याला एक हात पुरतो. त्याच्याशी बोलणारं तिथे कुणी नाही, पण ड्रायव्हर लोकांना त्याच्या खुणा कळतात. ये, थांब, अजून जरा, बास.

मी वर्षातून दोनदा जाते. सांगलीच्या एसटीतून समोरच्या बाजूला उतरते आणि रस्ता ओलांडते. त्याने माझं दुसरं नाव ठेवलं नाही. मी एकदा विचारलं होतं. त्याला प्रश्न कळला नाही, किंवा कळून घ्यायचा नव्हता. मी दिसले की तो फाटकातून उजवी मूठ वर करतो. नुसती मूठ.

गेल्या डिसेंबरात मी उतरले तेव्हा कारखाने सुरू होते आणि रस्ता रिकामा होत नव्हता. माझ्या शेजारी एक नवखा ट्रॅक्टरवाला चहा पीत उभा होता. त्याने पलीकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"ताई, त्यो माणूस मूठ उगारतोय तुमच्यावर. काय भांडण हाय काय?"

"नाही," मी म्हटलं. "हाक मारतोय."

"अशी?"

उसाच्या ट्रॉल्या जाऊ द्याव्या लागल्या. सहा गेल्या. एक गेली की पुढची येईपर्यंत मधल्या फटीतून तो दिसायचा. तोवर त्याने हात खाली घेतला नव्हता. शेवटची ट्रॉली गेली आणि मी रस्त्यात पाऊल टाकलं, तेव्हा मला ते नीट दिसलं. मूठ पुरती मिटलेली नव्हती. मधे एका बोटाएवढी जागा होती.